नकळत गेलेला जीव



पावसाळा संपला की परसात, कुंपणाच्या कडेला आणि दफनभूमीत कमरेएवढे गवत उभे असते. २ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्यामागोमाग नाताळची तयारी सुरू होते. म्हणून ऑक्टोबरमध्ये घरोघरी विळे, कोयते आणि गवत कापायची यंत्रे बाहेर निघतात. काम चांगलेच आहे. पण ते करताना कधी गवतात दडलेला बेडूक चिरला जातो, कधी छाटलेल्या फांदीबरोबर घरटे खाली येते, कधी पेटवलेल्या पाल्याच्या ढिगाखाली काहीतरी वळवळलेले उशिरा लक्षात येते.

अशा वेळी एक प्रश्न हमखास येतो : "फादर, मी मुद्दाम केले नाही. तरी पाप लागते का?" त्याच घरात दुसरा आवाजही असतो : "जाऊ दे, एक सरडा तर होता!" एका बाजूला भीती, दुसऱ्या बाजूला बेफिकिरी. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. आज या प्रश्नाचा जरा शांतपणे अभ्यास करू या.

आंबेगावचा उसाचा फड

आधी एक खरी घटना पाहू. एप्रिल २०१९ मध्ये पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ऊसतोड चालू होती. तेव्हाच्या बातम्यांनुसार फडात मजुरांना साप दिसला. तो मारला, पण आणखी साप असतील या भीतीने तेथील पाचट पेटवण्यात आले. आग विझल्यावर राखेत बिबट्याचे पाच बछडे होरपळून मेलेले सापडले. ते जन्मून फार दिवस झालेले नव्हते.

बछडे मारावेत असे कुणाच्या मनातही नव्हते. ते तेथे आहेत हेच ठाऊक नव्हते. मजुरांची भीतीही खोटी नव्हती. उसाच्या फडात अनवाणी पायाने काम करणाऱ्याला सापाची भीती म्हणजे काय हे आपल्या मराठवाड्याला सांगायला नको. दर हंगामात आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात.

मग या घटनेत दोष कुणाचा? की दोष कुणाचाच नाही? आपले अंगण लहान आणि तो फड मोठा, पण प्रश्न एकच आहे. हेतू वाईट नव्हता एवढे म्हटले की जबाबदारी संपते का?

शास्त्रातील तीन उदाहरणे

इस्राएली लोक शेतकरी आणि मेंढपाळ होते. कुऱ्हाड, बैल आणि खड्डा यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध. त्यामुळे नकळत होणाऱ्या नुकसानीचा विचार त्यांच्या नियमशास्त्रात फार बारकाईने आलेला आहे.

पहिले उदाहरण अनुवाद या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. दोघे जण लाकडे तोडायला रानात जातात. घाव घालताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्याला लागून तो मरतो. अशा माणसाला खुनी समजू नये, त्याने नेमून दिलेल्या शरणनगरात आसरा घ्यावा, असे नियमशास्त्र सांगते. मनात वैर नव्हते म्हणून त्याचा जीव वाचतो. तरीही त्याला घर सोडून जावे लागतेच. घडलेली गोष्ट घडलीच नाही असे कुणी म्हणत नाही.

दुसरे उदाहरण निर्गमाच्या २१ व्या अध्यायातील मारक्या बैलाचे आहे. बैलाने पहिल्यांदाच कुणाला हुंदडून मारले तर मालक निर्दोष. पण तो मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेले असून त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर मालक दोषी. बैल तोच, घटना तीच. फरक पडला तो केवळ मालकाला माहीत असण्याने.

तिसरे उदाहरण त्याच अध्यायात आहे. कुणी खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. त्याने जनावराला हातही लावलेला नाही. कदाचित तो त्या वेळी घरी झोपलेला असेल. पण झाकण घालणे त्याच्या हातात होते. महाराष्ट्रात आजही कठडा नसलेल्या विहिरींत बिबटे आणि इतर प्राणी पडतात आणि वन विभागाची माणसे दोर व पिंजरे सोडून त्यांना बाहेर काढतात. त्या बातम्या वाचताना मला हमखास हा अध्याय आठवतो.

या तीन उदाहरणांचा क्रम ध्यानात घ्या. जे माहीत होणेच शक्य नव्हते, त्याचा दोष नाही. जे माहीत होते, त्याचा दोष आहे. आणि जे थोडी काळजी घेतली असती तर टळले असते, त्याचीही जबाबदारी आहे.

तत्त्वज्ञ काय सांगतात

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात एक बारीक भेद केला आहे. अज्ञानातून झालेले कृत्य माणसाने स्वेच्छेने केलेले नसते. पण ते त्याच्या इच्छेविरुद्ध झाले असे केव्हा म्हणायचे? कळल्यावर त्याला वाईट वाटले तर. घरटे पडलेले पाहून ज्याला हळहळ वाटते, त्याच्या हातून ते खरोखर इच्छेविरुद्ध घडले. ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याबद्दल तसे म्हणता येत नाही. म्हणजे ही हळहळ भाबडेपणा नव्हे. आपली इच्छा कोणत्या बाजूला होती याची ती खूण आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अपघाताने होणाऱ्या मनुष्यहत्येचा विचार करताना पुढचे पाऊल टाकले. योग्य काम करताना पुरेशी काळजी घेतली आणि तरीही अपघात झाला, तर माणूस दोषी नाही. काम योग्य आहे पण काळजीच घेतली नाही, तर तो दोषातून सुटत नाही. त्यांचे विवेचन माणसाच्या जिवाविषयी आहे. सरडा आणि माणूस यांचे मोल ख्रिस्तसभा सारखे मानत नाही. पण विचाराची पद्धत दोन्हीकडे उपयोगी पडते.

पुढे धर्मशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले गेले : दूर करता न येणारे आणि दूर करता येणारे. याचे एक मोठे उदाहरण आपल्याच काळातले आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण कुणालाच कळेना. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उलगडा झाला. आजारी जनावराला दुखण्यावर डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. ते जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. गाईचे दुखणे कमी व्हावे म्हणून औषध देणाऱ्या शेतकऱ्याला हे कळणे अशक्य होते. त्याला कोण दोष देईल? पण २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठीच्या या औषधाच्या उत्पादनावर बंदी आणली. त्यानंतर जाणूनबुजून ते जनावरांना वापरणाऱ्याला "माहीत नव्हते" असे म्हणता येणार नाही.

आपल्या परसाचेही असेच आहे. पहिल्यांदा घरटे पडले तेव्हा ते कुऱ्हाडीचे निसटलेले पाते होते. दर वर्षी त्याच झाडावर पक्षी घरटे करतात हे पाहूनही न बघता फांदी छाटली, तर तो मारका बैल झाला.

म्हणून "पाप लागते का?" या प्रश्नाचे उत्तर असे : जाणीव आणि संमती नसेल तर पाप नाही. गवतात लपलेला जो बेडूक बघूनही दिसला नसता, त्याच्यासाठी मनाला बोचणी लावून घेऊ नका. पण बघितलेच नव्हते, तर "दिसला नाही" हे उत्तर पुरत नाही.

आधी माणूस की आधी प्राणी?

कुणी म्हणेल, फादर, सापांची दया करत बसलो तर आमचे काय? हा प्रश्न रास्त आहे. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुतेक खेड्यापाड्यांतील कष्टकरी. कॅथॉलिक श्रद्धाग्रंथही प्राण्यांशी दयेने वागायला सांगतो आणि त्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हणतो. पण प्राण्यांना माणसाच्या जागी बसवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदाही स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला गुन्हा मानत नाही.

पण नीट पाहा, येथे दोन जिवांत निवड करण्याची वेळ क्वचितच येते. ज्या काळजीने गवतातला साप वाचतो, त्याच काळजीने गवत कापणाऱ्याचा हातही वाचतो. काठी आपटून, पाय वाजवून गवतात शिरले की जमिनीची थरथर सापाला कळते आणि तो बहुधा निघून जातो. गमबूट घातला, दगड किंवा लाकडाचा ढीग हाताने न उचलता आधी काठीने हलवला, तर दोघेही सुरक्षित. आंबेगावच्या मजुरांच्या पायात चांगले बूट असते आणि हाताशी मदत असती, तर कदाचित आग लावावीशी वाटलीच नसती.

येथे आणखी एक गोष्ट येते. आपल्यापैकी बरेच जण स्वतः गवत कापत नाहीत, माळ्याला किंवा मजुराला लावतात. त्याला आपण काय सांगतो? "दुपारपर्यंत आटप." ठरलेल्या पैशांत लवकर काम उरकायचे असेल, तर तो बिचारा वाकून बघणार कधी? मग त्याच्या विळ्याखाली आलेल्या जिवाची, आणि त्याला दंश झाला तर त्याच्याही जिवाची, जबाबदारी खड्ड्याच्या मालकासारखी आपल्याकडे येते.

काम करण्याआधी

गवत कापताना : आधी एक फेरी मारा. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर तिचे घर जवळ आहे असे समजा. यंत्राने गवत कापायचे असेल तर मधून सुरुवात करून कडेकडे जा. कडेने आत येत गेलात तर प्राणी मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटी पात्याखाली येतात.

फांद्या छाटताना : आधी खाली उभे राहून पाच मिनिटे बघा. चोचीत काडी किंवा किडा घेऊन पक्षी वारंवार एकाच जागी जात असेल, तर तेथे घरटे आहे. शिंपी पक्षी पाने शिवून त्यात घरटे करतो, ते जवळ जाऊनही पटकन दिसत नाही. होल्याची घरटी जवळजवळ वर्षभर असतात. घरटे आढळले तर तेवढी फांदी काही आठवडे राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे यांचा समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात वाटेवर सापडलेल्या घरट्याचा नियम आहे : पिल्ले घेतलीस तरी आईला जाऊ दे. एका लहानशा पाखरासाठी नियमशास्त्राने जागा काढली आहे.

पाला जाळणे : शक्यतो जाळूच नका, खड्ड्यात कुजवून खत करा. महिनाभर पडून राहिलेला ढीग म्हणजे बेडूक, सापसुरळी आणि गोम यांचे घरच झालेले असते. तो हलवायचा असेल तर काठीने, एका बाजूने, हळूहळू हलवा.

हौद, खड्डे आणि जाळ्या : उघड्या हौदात एक तिरकी फळी किंवा काठी टाकून ठेवा, म्हणजे पडलेली खार वर येऊ शकेल. भाजीच्या वाफ्यावरची जाळी काम झाले की गुंडाळून ठेवा, कारण तिच्यात साप आणि घुबडे अडकतात. उंदरांचे विष घालण्याआधी लक्षात घ्या की विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकते.

ओळख : विनाविषारी धामण नाग समजून मारली जाते, कवड्या मण्यार समजून. डुरक्या घोणस हा विषारी घोणशीसारखा दिसणारा निरुपद्रवी साप आहे. ओळखीची खात्री नसेल तर लांब उभे राहा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि दंश झालाच, तर बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

जीव दुखावलाच तर

एवढे करूनही कधीतरी चूक होईलच. तेव्हा हळहळीचे काय करायचे?

पुन्हा उसाच्या फडाकडे जाऊ या. जुन्नर, आंबेगाव, निफाड या भागांत ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडणे आता नवे राहिलेले नाही. बिबट्याच्या हल्ल्यात तेथे माणसेही दगावली आहेत, त्यामुळे लोकांच्या मनात राग आणि भीती असणे स्वाभाविक आहे. तरीही अनेक ठिकाणी बछडा दिसला की तोड थांबते आणि वन विभागाला निरोप जातो. पशुवैद्यक पिल्लांना तपासतात. संध्याकाळी पिल्ले एका खोक्यात घालून त्याच जागी ठेवली जातात, जवळ कॅमेरा लावला जातो आणि सगळे दूर होतात. रात्री आई येते आणि एकेका पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अशा कितीतरी भेटी घडवून आणल्या आहेत. पिल्ले उचलून दूर नेण्यापेक्षा आईला तिची वाट मोकळी करून देणे हेच तेथे उपकारक ठरते.

आपल्या अंगणातही बहुधा हेच लागू पडते. घरट्यातून पडलेले पिल्लू उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकून देते, ही समजूत खरी नाही. पंख फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू मात्र उडायला शिकत असते. त्याला उचलू नका, मांजर-कुत्र्याला तेवढे दूर ठेवा. खारीची पिल्ले पडली तर कापड घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवून खोके झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि लांब व्हा. जखमी प्राण्याला दूध-पाणी बळेच पाजू नका. अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवून जाणत्या माणसाला बोलवा. आणि जीव गेलाच असेल, तर त्याला मातीत पुरा, मुलांसमोर थट्टा करू नका, आणि पुढच्या वर्षी त्या जागी काय वेगळे करायचे ते ठरवा. शरणनगरात जाणाऱ्या माणसाप्रमाणे आपणही घडलेल्या गोष्टीची किंमत मानतो, ती एवढ्याच रीतीने.

असिसीकर संत फ्रान्सिस आपल्या मठाच्या बागेचा काही भाग न खणता तसाच ठेवायला सांगत असत, म्हणजे तेथे रानफुले आणि रानगवत वाढावे. २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी त्याची आठवण करून दिली आहे. आपल्या परसाचा, आपल्या दफनभूमीचा एक कोपरा तसा ठेवायला काय हरकत आहे? कबरी स्वच्छ हव्यातच. पण कुंपणाच्या कडेची हातभर पट्टी न कापता राहिली, तर तेथे बेडकाला आसरा मिळेल आणि आपल्या मृतांच्या शेजारी मुनिया बागडतील. दोन चिमण्या एका पैशाला विकल्या जात, तरी त्यांतली एकही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले. आपल्या नकळत पडते ती. त्याच्या नकळत नाही.

दफनभूमीच्या सफाईला येताना विळ्याबरोबर एक काठी आणि पायात बूट असू द्या. आधी सगळे मिळून एक फेरी मारू, मग कामाला लागू. गवत पेटवायचे नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या अंगणात किंवा शेतात असा कोणता 'न झाकलेला खड्डा' आहे, जो मला माहीत असून मी तसाच ठेवला आहे?

२. माझ्यासाठी काम करणाऱ्या माणसाला काळजीपूर्वक काम करण्याइतका वेळ आणि साधने मी देतो का?

३. लहान जिवाला इजा झाल्यावर माझ्या घरात मुले काय ऐकतात : "जाऊ दे", की "पुढच्या वेळी आधी बघू"?